भाकरी ताटातून का गेली? जेवणाची निवड नेमकी कोण करते?

धागाकर्ता: माळरान

एखादा पदार्थ आपण रोज का खातो, असे कुणाला विचारले तर बहुतेक जण ‘आवडतो म्हणून’ असे सांगतात. हे उत्तर खोटे नाही, पण आवड बहुधा सर्वांत शेवटी येते, असे माझे मत झाले आहे. तिच्याआधी पाऊस, बाजार, सरकार, मजुरी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताशी असलेला वेळ यांनी आपापले निर्णय घेऊन टाकलेले असतात. आपल्याकडचे याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, लातूर, परभणी या पट्ट्यातल्या रोजच्या जेवणातून ज्वारीची भाकरी मागे हटली आणि तिच्या जागी गव्हाची चपाती आली. जमीन तीच आहे आणि घरेही तीच आहेत, तरीही साधारण दोन पिढ्यांत ताट बदलले.

या भागात गहू पूर्वी नव्हता असे नाही. बागायतीच्या तुकड्यात तो पिकत असे, पण पोळी सणाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्याला मिळे. गहू रोजच्या ताटात यायला बाहेरून धक्का बसावा लागला. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि दुकानात जे धान्य येईल ते खाण्याची सवय शहराला आधी लागली. पुढे १९५४ च्या पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली गव्हाची जहाजे येऊ लागली आणि १९६६ साली तर देशाची धान्य आयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. (त्याच गव्हाबरोबर गाजरगवत आले असे आपल्याकडे सर्रास मानले जाते, पुण्यात ते पन्नाशीच्या दशकात प्रथम नोंदले गेले.) १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणातला गहू हमीभावाने खरेदी होऊन गोदामांत साठू लागला आणि तेथून रेशन दुकानांच्या वाटेने ज्वारीच्या मुलखात उतरला.

१९७२ चा दुष्काळ या सगळ्याच्या मधोमध येतो. ज्वारी पिकलीच नाही, तेव्हा अमेरिकेतून आलेली तांबूस मिलो ज्वारी वाटली गेली. ती तिकडे मुख्यतः जनावरांना घालतात, ही गोष्ट गावोगावी पोहोचायला वेळ लागला नाही. दुष्काळी कामांवरची सुकडी आणि मिलोची भाकरी यांचा विषय निघाला की त्या पिढीतली माणसे आजही तोंड वाकडे करतात.

त्यानंतरचा मुद्दा अधिक साधा आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. कागदावर सर्वांत स्वस्त भरड धान्य होते, पण बहुतांश दुकानांत पोती आली ती गहू-तांदळाचीच. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य मोफत झाले. घरात फुकटचा गहू येत असताना बाजारातून ज्वारी विकत आणायची, हा निर्णय हातावर पोट असलेल्या कुटुंबाने का घ्यावा?

सदस्यांना विनंती आहे की हा धागा भाकरीच्या आठवणींचा आणि पाककृतींचा करू नये. आपल्या घरात चपाती कोणत्या वाटेने आली आणि त्या वाटेवर निर्णय कोणाचा होता, एवढेच लिहावे.

प्रतिसाद: सीनाकाठ

विवेचन पटले, पण ते दुकानापासून सुरू होते. शेतापासून सुरू केले तर चित्र थोडे वेगळे दिसते. ज्वारी दोन प्रकारची आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. पावसाळ्यात पेरलेल्या खरिपाच्या ज्वारीत १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले आणि ‘हायब्रीड’ हा शब्द घराघरांत गेला. उत्पन्न वाढले, यात शंका नाही. पण हे वाण लवकर निसवते (कणीस बाहेर काढते), त्यामुळे दाणा भरताना परतीचा पाऊस गाठतो आणि कणसावर बुरशी येऊन ज्वारी काळी पडते. अशा ज्वारीची भाकरी काळसर होते, चवीला उतरते, आणि बाजारात तिला कोंबडीखाद्याचा किंवा मद्यार्काच्या कारखान्याचा भाव मिळतो. २००७ च्या सुमारास राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, तेव्हा त्यावर जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. दुसरे असे की, हायब्रीड बुटके असते, म्हणजे कडबा कमी. ज्या घरात बैल आणि म्हशी आहेत त्या घराला कडबा हे निम्मे पीक असते. पुढे सोयाबीन आले, तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसे देऊ लागले आणि मराठवाडा-विदर्भातल्या खरिपाच्या ज्वारीचे रान त्याने घेतले.

रब्बीची ज्वारी टिकली, कारण भारी काळ्या रानात केवळ ओलीवर येणारे आणि वर कडबाही देणारे दुसरे पीक आमच्याकडे नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी इतक्या दशकांनंतरही शेतकरी सोडत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अडचण आहे ती काढणीची. माघ-फाल्गुनात ही ज्वारी मुळासकट उपटावी लागते. ताट दोन्ही हातांनी धरून, कंबरेत वाकून, हिसका देऊन ओढायचे. दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात आणि पानांची कूस मानेला चिकटून खाजते. मग पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, मळणी करायची. गहू मात्र हार्वेस्टर एका सकाळीत कापून, मळून ट्रॉलीत भरून देतो. ज्वारी उपटायला मजूर येत नाहीत आणि आले तर जी मजुरी मागतात ती रास्तच असते, पण ती देऊन ज्वारी परवडत नाही. खाणाऱ्याच्या आवडीनिवडीची चर्चा करताना या हिसक्याची नोंद असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद: दळण

सीनाकाठ यांनी शेतातल्या कंबरेचा विषय काढला, मी स्वयंपाकघरातल्या कंबरेचा काढते.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, कारण गव्हात जे ग्लुटेन असते ते ज्वारीत नाही. म्हणून आधणाचे पाणी घालून पीठ मळावे लागते, त्या उष्णतेने पिठातला स्टार्च जरा शिजतो आणि गोळा धरतो. हा गोळा तासभर आधी मळून ठेवता येत नाही. एका भाकरीपुरते पीठ घ्यायचे, तळहाताच्या टाचेने रगडायचे, लगेच थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकण्याच्या आत उलटायची. पाणी सुकले तर भाकरीला चिरा जातात, उलटायला घाई केली तर पापुद्रा सुटत नाही. म्हणजे भाकऱ्या होईपर्यंत ती बाई चुलीपासून हलू शकत नाही. चपातीची कणीक मात्र रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवता येते, लाटायचे काम मुलगा किंवा नवरा वेडेवाकडे का होईना करू शकतो, आणि सकाळी सातला भरलेल्या डब्यातली चपाती दुपारी एकलाही मऊ राहते. भाकरी तोपर्यंत वातड होते. माझ्या मते डब्याने भाकरीचे जेवढे नुकसान केले तेवढे रेशनने केले नाही. ज्या दिवशी घरातली बाई नोकरीला निघाली आणि तिच्याबरोबर नवऱ्याचा व मुलांचा असे तीन डबे निघाले, त्या दिवशी हा प्रश्न निकालात निघाला.

पिठाचीही गोष्ट आहे. जुन्या पिठाची विरी जाते, मग ते कितीही रगडले तरी थापताना कडा फाटतात. बाजरीचे पीठ तर आठवड्याभरात कडवट होऊ लागते. म्हणून दळण थोडे थोडे आणि वरचेवर करावे लागते. महिन्याचे वाणसामान एकदाच भरणाऱ्या घराच्या वेळापत्रकात हे बसत नाही, आणि गव्हाचे पाच किलोचे तयार पाकीट मात्र सहज बसते. निर्णय कोणाचा, असे धागाकर्त्याने विचारले आहे. आमच्याकडे तो सासूबाईंचा होता. त्यांनीच सांगितले की मला आता थापवत नाही आणि तुला वेळ नाही, तर उगाच भाकरीचा हट्ट कशाला. घरातल्या पुरुषांना हा बदल कळला तोपर्यंत तो पचलाही होता.

प्रतिसाद: गावठाण

वरचे तिन्ही प्रतिसाद वाचून असे वाटते की लोक बिचारे भाकरीच खाणार होते आणि कुणीतरी ती हिरावून घेतली. मला हे मान्य नाही. गहू हवाच होता. ज्यांच्या घरी सालगड्याची मजुरी धान्यात मिळत होती, त्यांना ते धान्य म्हणजे ज्वारीच, आणि तीही मालकाच्या कणगीतल्या तळाची. पांढरी पोळी कोणाच्या ताटात असते आणि कोणाच्या नसते, हे गावातल्या प्रत्येक लहान मुलाला ठाऊक होते. मजुरी रोख मिळू लागली तेव्हा त्या रोख पैशाने लोकांनी आधी काय आणले, हे पाहावे. लग्नाच्या पंगतीत भाकरी वाढणारा माणूस आमच्याकडे कंजूष ठरत असे. आज शहरात कुणी ‘आमच्याकडे फक्त भाकरीच असते’ असे अभिमानाने सांगतो, तेव्हा ज्यांच्याकडे खरोखरच फक्त भाकरी होती ते गप्प बसतात.

म्हणून किंमत आणि वेळ यांच्या जोडीला प्रतिष्ठा हे कारण स्वतंत्रपणे मांडायला हवे. माणूस जे खातो त्याने तो कोण आहे हे इतरांना सांगत असतो. मिलोचा जो तिटकारा धागाकर्त्याने नोंदवला आहे, तो चवीचा असेल तेवढाच अपमानाचाही होता.

प्रतिसाद: माळरान

गावठाण, तुमचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता, यात वाद नाही. एकच पुस्ती जोडतो. प्रतिष्ठेची ओढ आधीही होतीच, तरीही शेकडो वर्षे रोजची पोळी होऊ शकली नाही, कारण ती परवडत नव्हती. ओढ जुनी आणि पुरवठा नवा, असे म्हटले तर आपण दोघे एकाच जागी येतो असे मला वाटते.

प्रतिसाद: खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शालेय पोषण आहारात १९९५ पासून आधी घरी न्यायचा तांदूळ मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि आमच्या शाळांत खिचडी आली. हा कार्यक्रम उत्तम आहे आणि तो बंद व्हावा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. तथापि सहा ते चौदा वर्षांच्या वयात, रोज दुपारी, सगळ्या मित्रांच्या रांगेत बसून जे खाल्ले जाते त्याची गोडी लागणारच. ज्वारीच्या गावातली आमची मुले भात मागून घेतात; सहलीला डब्यात भाकरी आणणारा मुलगा डब्याचे झाकण अर्धेच उघडतो.

चवीची सवय याहूनही आधी लागते, हे आता प्रयोगांनी दिसले आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही गर्भवती आणि काही स्तनदा मातांना नियमित गाजराचा रस दिला होता. त्यांच्या बाळांनी पुढे वरचे अन्न सुरू झाल्यावर गाजराच्या चवीचे खाणे इतर बाळांपेक्षा अधिक सहजपणे स्वीकारले. म्हणजे ‘मला आवडते’ यातला ‘मी’ जन्माच्या आधीपासून घडत असतो आणि आई जे खाते त्यावर तो अवलंबून असतो. आई चपाती खाणारी झाली की पुढच्या पिढीची भाकरी अर्धी गेलीच.

प्रतिसाद: तराजू

या चर्चेला नेमके लागू पडणारे एक जुने संशोधन आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती, तेव्हा काळीज, गुर्दा यांसारखे भाग लोकांनी खावेत म्हणून सरकारने मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली. त्यांपैकी कर्ट लेविन यांनी मांडले की अन्न आपोआप ताटात येत नाही. ते दुकान, परसबाग, साठवण, स्वयंपाकघर अशा वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेच्या दारात कुणीतरी उभे असते. एकदा ते ताटात आले की बहुधा कुणीतरी ते खातेच. म्हणून खाणाऱ्याची आवड बदलण्यापेक्षा दारातल्या व्यक्तीचा निर्णय कसा होतो, हे पाहिले पाहिजे. दळण यांच्या सासूबाई म्हणजे त्या दारातल्या व्यक्तीच होत.

लेविन यांनी गृहिणींचे दोन प्रकारचे गट केले. काहींना चांगले व्याख्यान दिले, काहींना आपसात चर्चा करून स्वतः ठरवायला सांगितले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी केवळ ३ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेले मांस घरी शिजवले. चर्चा करून ठरवणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के निघाले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारी-बाजरी-नाचणीला ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले, जागोजागी फलक लागले. हे सगळे व्याख्यानाच्या गटात मोडते.

याच क्षेत्रातला एक सावधगिरीचा इशाराही द्यायला हवा. ताट लहान घेतले की माणूस कमी खातो, अशा प्रकारचे निष्कर्ष कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॅन्सिंक यांच्या नावावर जगभर गाजले. त्यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. खाण्याच्या सवयींवरचे चटपटीत शोध व्हॉट्सॲपवर फिरवताना हे लक्षात ठेवावे.

प्रतिसाद: उकडातांदूळ

गोव्यातून लिहिते आहे. आमच्याकडे ज्वारीचा प्रश्न नाही, पण धागाकर्त्याचे सूत्र लागू पडते. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, आणि इथल्या पोदेराने (पाववाल्याने) तो माडाच्या सुरीवर, म्हणजे ताडीवर, फुगवून आमचा करून घेतला. पोदेर सायकलवरून दारात येतो म्हणून पाव टिकला. तोच पाव आणायला दोन किलोमीटर जावे लागले असते तर सकाळी घरोघरी दुसरेच काही झाले असते. उकडा तांदूळ मात्र रोजच्या पेजेत असूनही बाहेरच्या पांढऱ्या तांदळापुढे मागे पडत आहे, कारण शेती पडीक आहे. दारात काय येते, हा प्रश्न इथेही तोच आहे.

प्रतिसाद: हडसनकाठ

न्यू जर्सीत भारतीय दुकानात ज्वारीचे पीठ बारमाही मिळते, म्हणजे पुरवठा आहे, पैसाही आहे आणि इच्छाही आहे. तरीही आमच्या घरी भाकरी क्वचित होते, कारण ते पीठ समुद्र ओलांडून, गोदामात राहून आलेले असते आणि दळण यांनी सांगितल्याप्रमाणे त्याची विरी गेलेली असते. आम्ही थोडी कणीक मिसळून लाटतो. माझी मुलगी त्यालाच भाकरी समजते आणि तिची काही तक्रार नाही.

प्रतिसाद: दळण

आता उलटी वाट सुरू झाली आहे, तीही नोंदवायला हवी. साखर वाढली की डॉक्टर भाकरी खायला सांगतात, आणि शहरात चांगली ज्वारी साध्या गव्हापेक्षा महाग झाली आहे. (भाकरीने साखर वाढतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे, तीही पिष्टमयच आहे, किती खाल्ली याला महत्त्व आहे.) या मागणीतून पोळी-भाजी केंद्रांत भाकरी मिळू लागली. सोलापूरच्या महिलांनी तर भाकरी टिकत नाही ही अडचणच उलटी फिरवली. पातळ थापून, पूर्ण वाळवून कडक भाकरी केली की ती कित्येक दिवस राहते आणि पाकिटात भरून गावोगाव पाठवता येते. म्हणजे थापण्याचे काम संपलेले नाही, ते एका घरातून दुसऱ्या बाईच्या हातात गेले आहे आणि तिला त्याचे पैसे मिळतात. लेविन यांच्या भाषेत सांगायचे तर दारात आता नवीन व्यक्ती उभी आहे.

प्रतिसाद: गावठाण

आणि ती भाकरी थापणारी बाई संध्याकाळी घरी जाऊन रेशनच्या गव्हाची चपाती करते, हेही लिहा.

प्रतिसाद: दळण

लिहायलाच हवे. आमच्या गल्लीतल्या केंद्रात ज्या दोघी थापायला येतात, त्यांच्याकडे असेच आहे. विकत घ्यायला ज्वारी महाग आणि घरी गेल्यावर पुन्हा थापायला हात उरत नाहीत, अशी दोन्ही कारणे त्या सांगतात.

प्रतिसाद: सीनाकाठ

शहरातला भाव वाढला असे वाचून आनंद वाटतो, पण त्यातला आमच्यापर्यंत किती पोहोचतो हा वेगळा धागा होईल. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, मालदांडीचा तर वेगळाही होतो; खरेदी केंद्र मात्र वेळेवर उघडेल याची खात्री नसते. गव्हाला पंजाबात जी खात्री मिळाली ती इथे ज्वारीला मिळाली असती, आणि तीच ज्वारी इथल्याच रेशन दुकानात व शाळेच्या खिचडीऐवजी आठवड्यातून दोन दिवस भाकरीच्या रूपाने आली असती, तर श्री अन्नाचे फलक लावावे लागले नसते. उपटणीसाठी चांगले यंत्र आणि जवळचे खरेदी केंद्र, या दोन गोष्टी मिळाल्या तर आमच्या शिवारात ज्वारी वाढेल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

तोपर्यंत यंदाच्या रब्बीलाही मी ज्वारी पेरणार आहे, पण खरे कारण सांगायचे तर ते भाकरी नव्हे. गेल्या उन्हाळ्यात कडबा विकत घ्यावा लागला आणि त्या पैशात दुधाचा सगळा नफा गेला. ज्वारी म्हशींसाठी पेरायची आहे. धान्य आपोआप घरात येईल आणि मग आम्ही भाकरी खाऊ.